हितू अजून खेळतोय

धनेश राणेने जन्मात एकही गेम पूर्ण किमतीला घेतला नाही, आणि या गोष्टीचा त्याला केवढा अभिमान! लालबागच्या त्यांच्या चाळीत कोणी विचारो न विचारो, तो सांगणारच. नवा गेम आला की लोक तुटून पडतात. धनेश मात्र थंड. त्याची आई, तुळसाबाई, बाजार उठायच्या वेळी मासे आणायला जायची आणि कोळीण टोपली आवरायच्या घाईला आली की मगच भाव करायला बसायची. मुलाने तीच अक्कल कॉम्प्युटरवर चालवली. डाउनलोडच्या त्या ऑनलाइन दुकानात दिवाळीला सेल लागतो, नाताळात लागतो, उन्हाळ्यात लागतो. जरा दम धरला की महागातला महाग गेम चहा-वड्याच्या भावात पदरात पडतो. पैसे भरायचे की घरबसल्या गेम कॉम्प्युटरवर उतरतो. ना सीडी, ना डबा, ना दुकानदाराची बोलणी.

खरं तर हे खातं धनेशचं नव्हतंच. ते त्याच्या धाकट्या भावाचं, हितेंद्रचं. वडील लवकर गेले, तेव्हा हितू शाळेत होता आणि धनेश नुकता एसीच्या दुरुस्तीच्या कामाला लागला होता. त्यामुळे भाऊ कमी आणि बाप जास्त, असंच ते नातं. कॉलेजात गेल्यावर हितूने खातं उघडलं आणि पैसे भरायला दादाला पुढे केलं. दादा आधी कुरकुरला, मग सेल बघितला आणि जो चिकटला तो चिकटलाच. पुढे त्याने हितूला लॅपटॉप घेऊन दिला. मग घरातल्या कॉम्प्युटरवर धनेश आणि लॅपटॉपवर हितू, दोघं त्याच एका खात्यावर.

पण दुकानाचा नियम असा, की एका खात्यावर एका वेळी एकानेच खेळायचं. धनेश ऐन रंगात आलेला असताना हितूने लॅपटॉप उघडला की इकडे धाडकन गेम बंद, आणि पडद्यावर पाटी: तुमचं खातं दुसऱ्या कॉम्प्युटरवर वापरात आहे. की दोघांची जुंपलीच. वेगळी खाती काढायची अक्कल दोघांनाही सुचली नाही, किंवा सुचूनही कोणी मनावर घेतलं नाही. एका ताटात जेवलेल्या भावांना एका खात्यात काय अडचण?

हितू घर सोडून गेला तो प्रियामुळे. प्रिया शीव कोळीवाड्याची, नोकरी करणारी, चांगली हसरी मुलगी. तुळसाबाईंनी नाव ऐकलं, पत्ता ऐकला आणि एका वाक्यात निकाल लावला, "कोळणीचा चेडू माझ्या घरात येवचा नाय." ज्या घरात आठवड्यातले पाच दिवस माशाशिवाय घास उतरत नाही, त्या घरातलं हे बोलणं. मासे चालतात, मासे विकणारीची मुलगी चालत नाही. हितू आधी हसला, मग विनवण्या केल्या, मग ओरडला. धनेश दोघांच्या मध्ये उभा राहून पंख्याकडे बघत होता. शेवटी हितूने चार कपडे आणि लॅपटॉप पिशवीत भरला आणि "परत तोंड दाखवणार नाही" म्हणून जिना उतरला. तुळसाबाईंना वाटलं, रात्री जेवायला येईल.

तो आला नाही. फोन बंद झाला. नोकरी सोडल्याचं ऑफिसातून कळलं. मित्रांनी कानावर हात ठेवले. धनेश एकदा कोळीवाड्यात जाऊनही आला, पण मुलीचं आडनावसुद्धा नीट ठाऊक नसताना दारोदार काय विचारणार? लोक संशयाने बघायला लागले तसा तो परत फिरला. आणि मग गणपती येऊन गेल्यावर, एका रविवारी दुपारी, तो उगाच मन रमवायला गेम लावून बसला होता, तर गेम धाडकन बंद पडला. पडद्यावर तीच पाटी.

"आई!" तो एवढ्याने ओरडला की शेजारच्या सुभद्राकाकू लाटणं घेऊन धावत आल्या. "आई, हितू! हितू खेळतोय!"

तुळसाबाईंना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण धनेशने समजावून सांगितलं तेव्हा त्या पडद्यासमोर खाली बसल्या आणि त्या पाटीकडे बघत राहिल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "खेळता हा मगे जेवता पण असतलो." एवढं बोलून त्या उठल्या आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवल्या.

तेव्हापासून घरात एक नवीनच रीत पडली. धनेश कामावरून आला की हातपाय धुवायच्या आधी प्रश्न यायचा, "आज खेळलो काय रे?" धनेश मोबाइलवर बघून सांगायचा. दुकानाच्या अॅपमध्ये कुठला गेम कधी खेळला गेला ते दिसतं. खेळला म्हटलं की बाई खूश, मग आमटीला फोडणी जोरात बसायची. नाही म्हटलं की भाकरी करपायची.

आणि त्या खेळण्यावरून दोघं मायलेक काय काय अर्थ काढायचे! पूर्वी हितूला फुटबॉल आणि मारामारी सोडून काही सुचायचं नाही. आता त्या गेमना हातही लागत नव्हता. आता चालायचा एक शेतीचा गेम. नांगरायचं, पेरायचं, कोंबड्यांना दाणे घालायचे. धनेशने तो कधीतरी स्वस्तात मिळाला म्हणून घेऊन टाकला होता. तुळसाबाईंनी लगेच ताडलं, "देवगडची बाग आठवता तेका. आजयेन कोंबये धरूक शिकवल्यान मां तेका." धनेशचं म्हणणं, संसाराला लागला की माणूस निवळतो. खेळ चालायचा तो दुपारचा, म्हणजे नोकरी रात्रपाळीची असणार. एकदा सलग आठवडाभर काही हललं नाही, तेव्हा तुळसाबाईंनी ठरवूनच टाकलं की सून बाळंत झाली. बाईंच्या डोक्यात सून कधी शिरली आणि कोळणीची पोर कधी बाहेर गेली, ते त्यांनाही कळलं नसेल.

धनेश सेलची वाट आता वेगळ्या कारणासाठी बघायला लागला. शेतीचे, बागेचे, हॉटेल चालवायचे, जे जे हितूला आवडेलसं वाटेल ते सूट लागली रे लागली की खात्यात टाकायचा. दोन दिवसांत त्यातलं काहीतरी उघडलं जायचं. दादाने डब्यात लाडू भरून पाठवावेत आणि रिकामा डबा परत यावा, इतकं त्याला बरं वाटायचं. एकदा मासे पकडायचा गेम फारच स्वस्त झाला होता, तोही घेतला. तो एकदा उघडला गेला, पुन्हा कोणी त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. एवढं एक कोडं मात्र धनेशला सुटलं नाही.

हितूला निरोप का धाडला नाही, असं कोणी विचारेल. धनेशच्या मनात ते शंभरदा आलं. पण त्याला धास्ती वाटायची. आपण हाक मारली आणि हितूने रागाने लॅपटॉप मिटला, खातंच सोडलं, तर? आहे तो धागा तुटायचा. त्यापेक्षा त्याने उठवावं, आपण उठावं. रविवारी दुपारी पडद्यावर पाटी आली की धनेश खुर्ची मागे सारायचा आणि म्हणायचा, "खेळ बाबा, खेळ."

अशी दोन वर्षं गेली आणि तुळसाबाईंना जिना चढताना दम लागायला लागला. परळच्या मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. हृदयाची झडप निकामी झाली आहे, ऑपरेशन लवकर करा, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तुळसाबाईंनीही तितकंच स्पष्ट सांगितलं, "हितू इल्याशिवाय मी टेबलार चढूचंय नाय. थयच मेलंय तर झिलाचा तोंड बघूक गावाचा नाय." डॉक्टर समजावून थकले. धनेश अक्षरशः पाया पडला. सुभद्राकाकूंनी गजानन महाराजांची शपथ घातली. बाई हटल्या नाहीत. कागदावर सही करायची नाही म्हणजे नाही. आणि दिवसेंदिवस पायांची सूज वर चढत होती.

शेवटी धनेशने मन घट्ट केलं. खात्याला जे नाव दिलेलं असतं ते खेळणाऱ्याला वर कोपऱ्यात दिसतं. त्याने हितूचं जुनं नाव काढून तिथे लिहिलं: हितू, आईचं ऑपरेशन, फोन कर. पुढे आपला नंबर टाकला. मग हात जोडून बसला.

फोन आला तो रविवारी दुपारी. धनेश मोरीत कपडे पिळत होता आणि मोबाइल आईच्या खाटेवर होता. तुळसाबाईंनीच उचलला.

"हालो," बाईमाणसाचा आवाज. "गेमच्या वर नंबर लिवलाय ना, म्हनून केला. कोनाचा ऑपरेशन हाय?"

तुळसाबाई ताडकन उठून बसल्या. बोलण्याचा तो हेल त्यांनी जन्मभर मासळीबाजारात ऐकला होता. कोळीवाड्यातली बाई, हितूच्या गेमवरचा नंबर, आणखी काय हवं?

"माझा गो, माझा ऑपरेशन! तू कोळीवाड्यातसून बोलतंस मां?"

"हां, शीव कोळीवाड्यातून. लॅपटॉप आमच्या घरी हाय. मना वाटला..."

"हितू बरो असा मां गो? तेवढा सांग माका. रागान असलो तरी असांदे. बरो असा मां?"

पलीकडच्या बाईला हितू कोण ते ठाऊक नव्हतं. पण एका म्हाताऱ्या आजारी बाईला धाप लागली आहे आणि ती एकच शब्द मागते आहे, एवढं तिला कळलं. ती म्हणाली, "बरा हाय, आय. तुमी ऑपरेशन करून घ्या."

धनेश ओल्या हातांनी धावत आला तेव्हा आईच्या चेहऱ्यावर असं काही फुललं होतं की त्याला वडील असतानाचे दिवस आठवले. "सून असा माझी," ती फोन पुढे करत म्हणाली. "आवाज काय गोड रे तिचो!"

तो फोन घेऊन गॅलरीत गेला. "प्रिया?" त्याने विचारलं.

"नाय ओ दादा, मी दर्शना," ती घाईघाईने बोलायला लागली. "आमचा मासळीचा धंदा हाय. लॅपटॉप मी पोरीच्या शाळेसाठी जुना घेतला, आमच्या नाक्यावरच्या मोबाइलवाल्याकडून. आत गेम होतेच. दुपारी बाजारातून आले की मी शेती करत बसते. नवीन नवीन गेम आपोआप येतात, मना वाटला कंपनीच देते. आता वरती ऑपरेशनचा लिवलेला बगितला, तवा घाबरले."

"कधी घेतलात?"

"झाली की दोन वर्सा. गनपतीच्या आदी. एक पोरगा घाईघाईत विकून गेला, असा तो मोबाइलवाला बोलला होता."

धनेशने कठडा धरला. गणपतीच्या आधी. म्हणजे गणपतीनंतरच्या त्या पहिल्या रविवारची पाटीसुद्धा हितूची नव्हती. आठवडाभर शेती बंद पडली ती गावच्या जत्रेमुळे असेल, नाहीतर पोरीच्या तापामुळे. दोन वर्षं तो कोणा परक्या बाईसाठी खुर्चीवरून उठत होता. आणि हितू कुठे होता, कसा होता, होता की नव्हता, यातलं काहीही त्याला माहीत नव्हतं. त्याला गॅलरीत, चारचौघांसमोर, हुंदका फुटला. दर्शना पलीकडून "दादा, दादा" करत राहिली.

तो आत वळला तेव्हा तुळसाबाई चष्मा शोधत होत्या. "खय सही करूची ती दाखव," म्हणाल्या. "लवकर उरकून घेवया. माका सुनेक बघूचा असा."

काय करायला हवं होतं त्याने? घरात बसून सल्ला देणं सोपं आहे. धनेशने बोट ठेवून जागा दाखवली आणि आईने सही केली.

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टरांनी पाठ थोपटली, म्हातारी जिद्दीची आहे म्हणाले. जिद्द होतीच. शुद्धीवर आल्या आल्या बाईंनी सुनेला बोलावणं धाडायला सांगितलं. धनेश आज-उद्या करत राहिला. आधी अतिदक्षता, मग टाके, मग परक्याचा संसर्ग नको. घरी आल्यावर मात्र कारणं संपली. त्याने दर्शनाला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "खोटा मी बोलले, दादा. मीच येऊन सांगते. पाया पडते त्यांच्या."

ती आली, जरीची साडी नेसून, केसांत अबोली माळून. एका हातात लॅपटॉपची बॅग आणि दुसऱ्या हातात आजाऱ्याला हलके म्हणून आणलेले मुडदुशे मासे. उंबरठ्यात तिने धनेशकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "मासे पकडायचा गेम कशाला पाठवला ओ दादा? दिवसभर तेच करते ना मी." दुसऱ्या कुठल्या दिवशी दोघं हसले असते.

आत तयारी झाली होती. तुळसाबाई विधवा, त्यांनी ओटी भरायची रीत नाही. म्हणून त्यांनी सुभद्राकाकूंना बोलावून ठेवलं होतं. तबकात नारळ, तांदूळ, खण, हळदकुंकू, सगळं त्यांनी स्वतः बसल्या जागेवरून मांडलं होतं. दर्शनाच्या गळ्यातलं मंगळसूत्र बघून त्यांनी समाधानाने मान हलवली. "बस गो बाय. आधी ओटी, मगे बोलणा. माझ्या घरात तू पयल्यांदा येतंस. तुका नाय म्हटलंय मी, देवान माका शिक्षा दिल्यान. चल गो सुभद्रा."

दर्शनाने तोंड उघडलं, पण कुंकू लागलंसुद्धा. पुढे आलेली ओटी कुठली बाई नाकारते? तिने पदर पसरला. नारळ पदरात पडला आणि तिला रडू कोसळलं.

"आय, मी तुमची सून नाय."

सुभद्राकाकूंचा हात तांदळातच राहिला. दर्शनाने सगळं सांगितलं. लॅपटॉप, मोबाइलवाला, शेतीचा गेम. हितूला आपण कधी बघितलंही नाही, ते सांगितलं. सगळं ऐकून झाल्यावर तुळसाबाईंनी विचारलं, "आणि प्रिया? कोळीवाड्यातच मां ती? तिका तरी ठावक असतला."

दर्शनाने धनेशकडे बघितलं. हे तिने फोनवर त्यालाही सांगितलं नव्हतं. "प्रिया आमच्या गल्लीतलीच. तिचा लगीन झाला आय, गेल्या वर्सी. वेसाव्याला दिली. तुमच्यासाठी मी तिला फोन करून विचारला. तुमचा मुलगा एकदाच आला होता, बोलली. तिनं लग्नाला नाय म्हटला. आईला सोडून आलेल्याच्या भरवशावर कसा जायचा, असा बोलली त्याला. मग तो गेला. कुठं ते तिला नाय ठाव."

दर्शना डोळे पुसत पदरातला नारळ तबकात ठेवायला वाकली. तुळसाबाईंनी तिचा हात धरला.

"ऱ्हवांदे. ओटी परत घेयत नाय." आणि मग त्या धनेशकडे वळल्या. "हॉस्पिटलात जावच्या आधी तुका ठावक होता?"

धनेशने मान हलवली. हो.

"मगे माका वाचवलंस कित्याक रे?"

त्या ओरडल्या नाहीत. खरंच कळत नसल्यासारखं त्यांनी विचारलं. धनेश खाटेशी खाली बसला. इतक्या वर्षांत त्याने आईकडे स्वतःसाठी काही मागितलेलं कोणाला आठवत नसेल.

"माझ्यासाठी गो," तो म्हणाला.

तुळसाबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. प्रेमानेच ठेवला.

"तू तर असंसच रे," त्या म्हणाल्या आणि टाक्यांना जपत हळूच भिंतीकडे वळल्या. सुभद्राकाकू चहा ठेवायला उठल्या.